उभ्या-आडव्या जावयांची गाडी

४ जानेवारी

साडूभाऊंना नमस्कार.

कामापुरतं लिहितो. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर आपल्या बायकांनी परस्पर ठरवलं, की एक आठवडा मी इथे येऊन राहायचं, एक आठवडा तुम्ही, आणि दिवसाआड सासूबाईंना फिजिओथेरपीला न्यायचं-आणायचं. दोघी बहिणींना गाडी चालवता येत नाही, आणि आपली दोघांची स्वतःची दुकानं, म्हणजे कुलूप लावलं की सुटी, असं त्यांचं म्हणणं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आठवडाभर बंद राहिलं तर किती लोकांची वेळ चुकते, हे त्यांना कोण सांगणार? असो.

माझा पहिला आठवडा आज संपला. संध्याकाळी तुम्ही याल तेव्हा मी परतीच्या बसमध्ये असेन, म्हणून हे पत्र गाडीच्या कप्प्यात ठेवतो.

सासऱ्यांची गाडी लहान आहे. सासरे पाच फूट चार इंच होते, मी सहा फूट चार. बरोबर एक फुटाचा फरक मी पुढीलप्रमाणे मिटवला आहे: सीट रुळावर शेवटपर्यंत मागे सारली आणि पाठ आरामखुर्चीसारखी पाडली. रूळ गंजलेला असल्यामुळे या कामाला पाऊण तास लागला. तरी सीट आहे तशीच राहू द्यावी, ही विनंती.

थोरला साडू


११ जानेवारी

थोरले साडूभाऊ,

विनंती मान्य करून सीट तशीच ठेवली आणि गाडीत बसलो. बसलो कसला, निजलो. समोर रस्त्याऐवजी छप्पर दिसायला लागलं. क्लचपर्यंत पाय पोचायला आणखी वीतभर पाय हवा होता. तुमच्या पायांचं कापड देवाने सढळ हाताने कापलंय. माझ्या वेळी तागा संपला असावा. जे काही उरलं होतं ते त्याने पोटाला लावून टाकलं.

सासूबाई मागून म्हणाल्या, "आडवे जावई, आपण निघणार आहोत, की तुमची डुलकी होईपर्यंत मी थांबू?"

मग सीट पुढे ओढली. पुढे ओढली तर पोट स्टिअरिंगला लागतं. प्रत्येक वळणावर स्टिअरिंग माझ्या शर्टाची बटणं चाचपत जातं. शेवटी सीट मधोमध आणि पाठीमागे दोन उशा असा तोडगा काढला. शिंपी माणूस मी. एका बाजूने दाबायचं, दुसऱ्या बाजूने सोडायचं, एवढंच मला येतं.

तुम्ही लिहिलंत याचं मात्र नवल वाटलं. सहा वर्षांपूर्वी तुमच्या नव्या घरी वेताची खुर्ची माझ्याखाली मोडली आणि तुम्ही सगळ्यांदेखत खो-खो हसलात. तेव्हापासून आपलं बोलणं म्हणजे बायकांच्या फोनवर मागून ओरडलेलं "बरंय ना?" एवढंच. सीटच्या निमित्ताने का होईना, तुमच्या हातच्या चार ओळी आल्या. अक्षर सुरेख आहे. उंच माणसांचं अक्षर इतकं बारीक असेल असं वाटलं नव्हतं.

उशा जागेवरच राहू द्या. सूचना नाही, विनंती.

धाकटा साडू


१८ जानेवारी

साडूभाऊ,

उशा डिकीत आहेत. त्या जागेवर ठेवल्या तर मी डिकीत राहीन.

तुम्ही सीट मधोमध आणून ठेवलीत आणि रूळ तिथेच अडकून बसला. तेल घातलं, हातोडी मारली, काही उपयोग नाही. आता माझा एक गुडघा स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला असतो आणि दुसरा उजव्या. गिअर बदलायचा तर आधी गुडघ्याची परवानगी काढावी लागते. डोकं छपराला टेकतं म्हणून मान खांद्यावर टाकून चालवतो. सासूबाई म्हणाल्या, "उभे जावई, मान सरळ करा. लोकांना वाटेल, रस्त्यात काही हरवलंय ते शोधताय."

दोघांचं हे नामकरण त्यांनी कधी केलं, मला माहीत नाही. तुम्हाला माहीत होतं का?

अक्षर बारीक असण्याचं कारण धंदा. खुर्चीच्या विषयावर मला काही म्हणायचं नाही.

आणखी एक. पुढच्या बंपरला डावीकडे पोचा आला आहे. गाडी फिजिओथेरपी केंद्रासमोर उभी असताना कोणीतरी धडकलं असावं. तुमच्या माहितीसाठी.

थोरला साडू


२५ जानेवारी

उभे साडूभाऊ,

नामकरण आपल्या लग्नांपासूनचं आहे. घरातल्या मांजरालासुद्धा माहीत असेल.

पोचा पाहिला. त्यात पिवळा रंग आहे. केंद्राच्या आवाराची भिंतही पिवळी आहे, आणि तिचा एक टवका उडालाय. तेव्हा मी असं समजतो, की गाडी बिचारी उभी होती आणि भिंत चालत आली. अशा बेजबाबदार भिंतींची कुठेतरी तक्रार करायला हवी. सासूबाईंना विचारलं, तर त्या खिडकीबाहेर बघत "आज हवा छान आहे" म्हणाल्या.

चेष्टा पुरे. सांगायचं असेल तर सांगा, नसेल तर राहू द्या. मला चोर पकडायचा नाही. पण ही गाडी आपल्या दोघांच्याही अंगावर बसत नाही, हे उघड आहे. बेतलेला कपडा एकवेळ उसवता येतो, गाडी कशी उसवणार? ती बदलायला हवी.

अडचण अशी, की गाडी सासऱ्यांची. जाऊन तीन वर्षं झाली तरी सासूबाई रोज सकाळी काठी टेकत खाली येतात आणि फडक्याने तिचा आरसा पुसतात. त्यांच्यापुढे विकण्याची गोष्ट कोण काढणार? तुम्ही थोरले आहात. मी मागे उभा राहतो. बऱ्यापैकी आडोसा होतो माझा.

माझी काळजी नको. मी बेल्ट वगैरे व्यवस्थित लावून चालवतो.

धाकटा


१ फेब्रुवारी

साडूभाऊ,

भिंत चालत आली नाही. मी गेलो.

चौदा तारखेला केंद्राच्या आवारात गाडी लावत होतो. चालण्याचा वेग. ब्रेक दाबायला पाय उचलला आणि गुडघा स्टिअरिंगखाली अडकला. बूट ॲक्सिलरेटरवरच राहिला. आठ-दहा पावलांचं अंतर असेल, पण तेवढ्यात मला सगळं स्वच्छ दिसत होतं. ठेंगणी भिंत, आणि तिच्यावर मांडीवर पर्स घेऊन बसलेली एक बाई. ती उठली, बाजूला झाली, आणि मग गाडी लागली. तिला उठायला दोन सेकंद उशीर झाला असता तर? आयुष्यभर लोकांचे सेकंद नीट करत आलो. दोन सेकंद किती मोठे असतात ते त्या दिवशी कळलं.

सासूबाईंना हिसका बसला, इजा झाली नाही. "कोणाला सांगायची गरज नाही, भिंत जुनीच होती," म्हणाल्या. मी थोरलीलाही सांगितलेलं नाही. तेव्हापासून चिमटा हातात धरला की बोटं थरथरतात. मनगटी घड्याळं आली की काहीतरी सबब सांगून परत पाठवतो. भिंतीवरची मोठी तेवढी घेतो.

आता खुर्चीचं. त्या दिवशी दुपारपासून पाहुण्यांनी मला भंडावून सोडलं होतं. "वरती हवा कशी आहे?" "पाऊस आधी तुम्हालाच कळत असेल!" लहानपणापासून हेच ऐकतोय. शाळेच्या प्रत्येक फोटोत मी मागे, कडेला. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने मला एकट्यालाच बसवलं. तुमच्याखाली खुर्ची मोडली आणि तीस-चाळीस माणसांची नजर एकदम माझ्यावरून उतरली. इतकं सुटल्यासारखं वाटलं, की हसू फुटलं. मी तुमच्या पडण्याला हसलो नव्हतो, माझ्या सुटण्याला हसलो होतो. पण पडलेल्या माणसाला हा फरक कसा कळावा? त्याच दिवशी सांगायला हवं होतं. चुकलो.

पुढच्या आठवड्यापासून माझ्या पाळीला मी टॅक्सी करणार आहे. तुम्ही चालवा. तुम्ही नीट चालवता.

थोरला


८ फेब्रुवारी

साडूभाऊ,

पत्र गाडीतच बसून वाचलं. मग परत वाचलं. सासूबाईंना वर उशीर का झाला ते सांगताना बूट सापडत नव्हता असं सांगितलं. बूट पायातच होता.

मी नीट चालवत नाही. तुमचं खरं ऐकल्यावर माझं खोटं तसंच ठेवणं बरं दिसत नाही. बेल्टची जीभ खाचेपर्यंत पोचतच नाही. चार बोटं कमी पडते. मी बेल्ट ओढून घेतो आणि मांडीखाली दाबून बसतो. बाहेरून बघणाऱ्याला लावल्यासारखा दिसतो. शिंप्याची लबाडी, वरून शिवण आणि आतून नुसती टाचणी. दुकानात रोज गिऱ्हाइकांना सांगतो, "साहेब, माप वाढलं तर त्यात लाजायचं काय? दोन इंच सोडू की." आणि स्वतःला बेल्ट पुरत नाही हे गेली सात वर्षं धाकटीलासुद्धा सांगितलेलं नाही. कोणी ब्रेक मारायला लावला असता तर मी काचेतून थेट बाहेर गेलो असतो. काच लहान, म्हणून तिच्यातच अडकलो असतो, एवढाच काय तो दिलासा.

तुम्ही एकट्याने टॅक्सी केलीत तर तुम्ही भित्रे आणि मी शूर, असं उगाच होईल. मीही टॅक्सी करतो. दरम्यान गाडी शोधू. तुमच्या आठवड्यात तुम्ही बघा, माझ्या आठवड्यात मी. सासूबाईंना इतक्यात कळू द्यायचं नाही. त्यांचा चष्मा नेहमी घरीच राहतो, तेव्हा ही पत्रं कप्प्यात सुरक्षित आहेत.

खुर्ची तशीही तकलादू होती. तुम्ही हसलात त्याचं एवढं नाही वाटलं. नंतर सहा वर्षं माझ्याशी हसला नाहीत, त्याचं वाटलं.

आडवा


१२ फेब्रुवारी

दोन्ही जावईबापूंना आशीर्वाद.

हे पत्र उभ्या जावयांना आधी सापडेल. त्यांनी वाचून आडव्यांसाठी ठेवावं.

तुम्ही दोघं आपापल्या पाळीत मला गाडीत बसवून नंबर लावायला आत जात होता. म्हातारीने बसल्या बसल्या काय करायचं? कप्पा उघडायचा. अगदी "कामापुरतं लिहितो" पासून वाचते आहे. शेवटची दोन काल गाडीत येऊन वाचली; टॅक्सी का सुरू झाली ते बघायलाच गेले होते. माझा चष्मा घरी राहतो हे आडव्या जावयांना कोणी सांगितलं? चष्मा पर्समध्ये असतो.

ह्यांची गाडी, ह्यांची गाडी म्हणून तुम्ही हळवे झालात. मी रोज आरसा पुसते तो त्यावर कबुतरं बसतात म्हणून. बावीस वर्षं या गाडीत मी गुडघे पोटाशी घेऊन बसले. हे ऐटीत चालवायचे आणि विचारायचे, "काय, आहे की नाही आरामशीर?" मी हो म्हणायचे. नवरा इतक्या हौसेने विचारतो तेव्हा बाई दुसरं काय म्हणणार? तुम्ही माझे जावई आहात, तेव्हा तुम्हाला खरं सांगते. विका ती. ह्यांची आठवण यायला मला अवघडून बसावं लागत नाही.

नवी बघायला जाल तेव्हा मला न्या. डॉक्टरांनी खुबा काटकोनाच्या पलीकडे वाकवायचा नाही असं बजावलंय. म्हणजे एक उभा, एक आडवा आणि मी अर्धी वाकलेली. तिघं मावतील असं काहीतरी शोधा. आणि मला न कळवता शोधू नका.

एकमेकांना खरं सांगायला तुम्ही पाच आठवडे घेतलेत. पोच्याचं माझ्या दोन्ही मुलींना त्याच दिवशी कळलं होतं. त्या गप्प राहिल्या, कारण मी सांगितलं, "थांबा, पत्रं चालू आहेत."


१५ फेब्रुवारी

साडूभाऊ,

वरचं वाचलंत ना? मी वाचलं तेव्हा सासूबाई बाल्कनीत उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. मी वर पाहिलं, तर त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

काल त्यांना घेऊन शोरूममध्ये गेलो. टाय लावलेल्या एका गृहस्थाने मला आपादमस्तक पाहिलं (त्याला वेळ लागला) आणि थेट सगळ्यांत मोठ्या गाडीपाशी नेलं. "सर, ही मोठ्या माणसांची गाडी!" बाहेरून बंगला. आत बसलो तर डोकं छपराला. कारण छपरात काच. आभाळ दिसावं म्हणून काच बसवली, आणि त्या काचेच्या चौकटीने माझ्या डोक्याची तीन बोटं जागा खाल्ली. मी म्हटलं, "मला आभाळ नको, डोकं ठेवायला जागा द्या." तो म्हणाला, "सर, सीट खाली घेता येते." घेतली. मग गुडघे हनुवटीशी आले. सासूबाईंना तर त्या गाडीत चढायला स्टूल लागलं असतं.

दुसरी ठेंगणी, चकचकीत. सासूबाईंनी दार उघडून आत नजर टाकली आणि म्हणाल्या, "यात बसायचं नसतं. पडायचं असतं. आणि पडून मी आत्ताच बरी होतेय." तो गृहस्थ इतका हसला, की त्याने आम्हाला चहा पाजला.

शिकलो ते असं. गाडी बाहेरून मोठी म्हणजे आतून मोठी असं नाही. स्टिअरिंग नुसतं वर-खाली होऊन भागत नाही, ते छातीकडे ओढताही यायला हवं; नाहीतर पायांसाठी सीट मागे न्यावी, तर हात पोचत नाहीत. आणि सीटची बैठक आखूड असली तर माझ्या मांड्या अर्ध्या हवेत राहतात. या तिसऱ्या गोष्टीचा मी चाळीस वर्षं विचारच केला नव्हता. वाटायचं, मांड्या हवेतच असतात.

एकही पसंत पडली नाही. आता तुमची पाळी. टेप घेऊन जा.

उभा


२२ फेब्रुवारी

साडूभाऊ,

टेप गळ्यातच असतो. तो काढला की मला उघड्यासारखं वाटतं.

आधी दोन शोरूम पाहिली. हल्लीच्या सीटना दोन्ही कडांनी फुगवटे असतात. वळणावर माणूस घसरू नये म्हणून म्हणे. मी कुठे घसरणार? मी त्या फुगवट्यांच्या मध्ये न बसता वर बसलो, कपात न मावलेल्या बशीसारखा. सासूबाई बाहेरूनच म्हणाल्या, "चला, हे आपलं माप नाही."

मग जुन्या गाड्या विकणाऱ्या एका बाईंकडे गेलो. बाई माझ्याहून अंमळ रुंद. त्यांना बघताच माझा जीव भांड्यात पडला. मी नेहमीसारखं "जरा प्रशस्त काहीतरी" असं पुटपुटलो. बाई म्हणाल्या, "साहेब, पोट सोडा आधी. पोट आत ओढून गाडी निवडली की घरी जाऊन पस्तावतात सगळे." दुकानात हेच वाक्य मी पँटबद्दल म्हणतो!

त्यांनी एक गाडी दाखवली. आधी एका फुलवाल्याकडे होती. रूप विचारू नका. बुटांच्या खोक्याला चाकं लावावीत तशी, रंग शेवाळी. पण छप्पर सरळ उंच, दारं रुंद, सीट खुर्चीएवढ्या उंचीवर आणि सपाट. सासूबाई पाठमोऱ्या झाल्या, टेकल्या, पाय आत घेतले, बसल्या. वाकल्याच नाहीत. बाई मला म्हणाल्या, "दोन मिनिटांत गाडी कळत नाही. वीस मिनिटं बसून राहा, काही करू नका. मग बोला." त्या निघून गेल्या. मी आणि सासूबाई वीस मिनिटं उभ्या गाडीत गप्पा मारत बसलो. मध्येच मी बेल्ट ओढला. सवयीने मांडीखाली दाबायला निघालो, आणि पाहतो तर अजून बेल्ट शिल्लक होता.

खाचेत घातला. टक् झालं.

साडूभाऊ, सात वर्षांत तो आवाज माझ्या बाजूने आला नव्हता. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. नुसतं म्हणाल्या, "हवा छान आहे आज."

तुमच्यासाठी माप घेतलंय. बैठकीपासून छपरापर्यंत सरळ एक्केचाळीस इंच. तुम्ही बसल्यावर किती भरता मला माहीत नाही. तुम्हाला मापायला मी कधी स्टुलावर चढलो नाही. जाऊन बसा. बाईंनी आठ दिवस गाडी धरून ठेवलीय.

आडवा


१ मार्च

साडूभाऊ,

तीनदा गेलो. एकदा बसायला, एकदा चालवायला, एकदा तिसऱ्यांदा.

छपरात आणि माझ्यात दोन बोटं अंतर उरतं. गुडघा आणि स्टिअरिंग यांच्यात चार. आधी बंद गाडीत पन्नास वेळा ब्रेक दाबून पाहिला. पाय उचलायचा, ठेवायचा. बाईंनी विचारलं, "काही बिघाड आहे का?" म्हटलं, "गाडीत नाही." मग त्यांच्या आवारामागच्या मोकळ्या जागेत नेली. पहिल्या फेरीला घाम फुटला. चौथ्या फेरीला माझ्या लक्षात आलं, की माझी मान सरळ आहे. गाडी चालवताना दोन्ही आरसे एकदम दिसतात, हे मला माहीत नव्हतं! मग सीट माझ्या मापाने मागे सारून मीच माझ्या मागे जाऊन बसलो. तिथेही गुडघे मावले.

परत आल्यावर सासूबाईंनी त्यांचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ पुढे ठेवलं. "बघा जमतंय का. नाही जमलं तर राहू दे." खिडकीपाशी बसून उघडलं. चिमटा स्थिर होता. दीड महिन्याने पहिल्यांदा केसाएवढी स्प्रिंग जागेवर बसवली. त्या शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होत्या. पान उलटलं नाही एकदाही.

गाडी घेऊ. रूपाबद्दल तुमचं म्हणणं सौम्य आहे. थोरलीला फोटो पाठवला तर तिने विचारलं, "हा पुढचा भाग की मागचा?" पण आपण आत बसणार आहोत. बाहेरून बघायचं दुःख इतरांचं.

मी पुढच्या शनिवारीच येतो. तुम्ही रविवारपर्यंत थांबा. एकत्र जाऊन आणू.

उभा


२२ मार्च

साडूभाऊ,

हे पत्र टपालाने येतंय, कारण कप्पा माझ्याकडे आहे. गाडी माझ्या दुकानासमोर उभी आहे. कारण ऐका.

परवा फिजिओथेरपीची शेवटची फेरी झाली. डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना काठीशिवाय चालवून पाहिलं आणि "आता येऊ नका" म्हणाल्या. मी आनंदाने गाडी घराकडे वळवली. सासूबाई म्हणाल्या, "इकडे कुठे? डिकीत माझी बॅग आहे. तुमच्या घरी चला."

मी गाडी कडेला घेतली. तुम्हाला माहीत आहे, सासरे गेल्यापासून दोघी बहिणी त्यांना बोलावून थकल्या. नेहमी "माझं इथेच बरं आहे." मी विचारलं, "आई, आज एकदम कसं काय?"

त्या म्हणाल्या, "थोरलीकडे गेले असते तर तुम्ही म्हणाला असता, तिकडे बऱ्या गेल्या. तुमच्याकडे आले असते तर ते गप्प बसले असते, आणि त्यांचं गप्प बसणं फार लांबतं. तुम्ही दोघं बोलत नव्हतात. मी कोणाच्या दारात जाऊन बसणार होते? त्यापेक्षा आपलं घर बरं." आणि मग, "त्या रविवारी तुम्ही दोघं गाडी आणायला गेलात, पुढच्या दोन्ही सीटवर बसून एकमेकांची सीट नीट करून देत होतात, ते मी मागून बघितलं. त्याच दिवशी बॅग भरली."

साडूभाऊ, तीन वर्षं त्या माणसांवाचून एकट्या राहिल्या, ते आपल्या एका खुर्चीपायी. मला दहा मिनिटं गाडी चालू करता आली नाही. मग त्याच म्हणाल्या, "चला आता. आरामशीर आहे म्हणून काय इथेच राहायचंय?"

ठरलंय असं. एक महिना इकडे, एक महिना तुमच्याकडे. गाडी त्यांच्याबरोबर फिरेल.

आडवा


२६ एप्रिल

साडूभाऊ,

महिना भरला. थोरलीने पूर्वेकडची खोली रिकामी केली आहे. पलंगाची उंची मी मोजून घेतली, खुबा काटकोनातच राहील. टोले देणारी सगळी घड्याळं दुकानात हलवली. घरात इतकी शांतता झाली आहे, की थोरली मला विचारते, बंद पडलं काय काय?

रविवारी गाडी आणि सासूबाई घेऊन या.

उभा


३० एप्रिल

साडूभाऊ,

गाडी तयार आहे. सासूबाई तयार नाहीत.

झालंय असं, की त्या दुकानात येऊन बसायला लागल्या. आधी नुसत्या बसल्या, मग काजं-बटणं घ्यायला लागल्या, आता माप घेताना शेजारी उभ्या राहतात. गिऱ्हाइकाने पोट आत घेतलं की म्हणतात, "सोडा हो, आमचे जावई बघा, त्यांनी कुठे घेतलंय?" लोक हसतात आणि सोडतात. महिनाभरात एकही कपडा दुरुस्तीला परत आलेला नाही. काल मी पाळीची आठवण केली तर म्हणाल्या, "हातात चार शर्ट आहेत. पंधरा दिवस तरी हलता येणार नाही."

तुम्हाला गाडी हवी तर येऊन घेऊन जा. बाकीच्याचं तुमचं तुम्ही त्यांच्याशी बोला. माझी प्राज्ञा नाही.

आडवा


४ मे

साडूभाऊ,

रविवारी बसने येतोय. थोरलीही येते आहे. गाडी न्यायला नाही. पंधरा दिवस राहायला.

तुमच्या घरी मी कधी आलेलो नाही, म्हणून विचारतो. दार किती उंच आहे?

उभा


६ मे

साडूभाऊ,

दार सहा फुटांचं आहे. वाकून या. आणि रविवार कशाला, शनिवारीच या.

आडवा